पंख्यावरून झालेल्या भांडणाविषयी

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. तीन पाने तू त्या रुग्ण बाईंविषयी लिहिली आहेस, आणि शेवटी, कागदावर जागा उरली म्हणून लिहावे तसे, एकच वाक्य आहे: त्या रात्री पंख्याच्या वेगावरून भावाशी इतके भांडण झाले की दोघेही न जेवता झोपलात, पण याचा वरच्या मजकुराशी काही संबंध नाही. मी उत्तराची सुरुवात या वाक्यापासून करतो, कारण माझ्या मते संबंध आहे, आणि पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे बरे न होणाऱ्या आजारातल्या माणसांचा त्रास हलका करण्याच्या, कामात पडणाऱ्या माणसाला तो लवकर कळलेला बरा.

त्या दिवसाचा क्रम तू लिहिला आहेस तसाच पुन्हा मांडून पाहू. दुपारी बाईंनी तुला विचारले, "मी गेल्यावर माझ्या खोलीत कोण झोपेल?" तू म्हणालीस, "असं बोलू नका, तुम्ही बऱ्या होऊन घरी जाणार आहात." हे खरे नाही हे तुला ठाऊक होते आणि त्यांनाही ठाऊक होते. मग मुळात सरळ असलेली चादर तू पुन्हा सरळ केलीस, घड्याळाकडे पाहिलेस आणि बाहेर येऊन दोनदा हात धुतलेस. व्हरांड्यात चालताना, का कोण जाणे, तुला आठवले की तुझी आजी नव्वदीपर्यंत जगली आणि तुझी प्रकृती आजीवर गेली आहे. संध्याकाळपर्यंत सगळे निवळले होते. दिवस बरा गेला असेच तुला वाटत होते. मग रात्री पंखा.

मृत्यूची जाणीव झाल्यावर मन काय करते याचे हे इतके नमुनेदार वर्णन आहे की ते तू अभ्यास करून लिहिलेस की काय अशी शंका मला क्षणभर आली. मनाचे बचाव दोन टप्प्यांत येतात. पहिला टप्पा लगेचचा, विचार अजून डोळ्यांसमोर असतानाचा. त्यात माणूस विषय बदलतो, हाताला काही काम शोधतो किंवा आपल्यापुरता हिशेब मांडतो: माझ्या घराण्यात सगळे दीर्घायुषी आहेत, मी धूम्रपान करत नाही, अजून पुष्कळ वर्षे आहेत. तुझी आजी व्हरांड्यात आली ती या कामासाठी. हे बचाव निदान दिसायला तरी तर्काला धरून असतात, आणि मृत्यूला नाकारत नाहीत. ते त्याला फक्त पुढची तारीख देतात. दुसरा टप्पा विचार डोळ्यांआड झाल्यावर सुरू होतो, आणि त्याचा मृत्यूशी वरवर काहीच संबंध दिसत नाही. त्या टप्प्यात माणूस आपली मते अधिक घट्ट धरतो, आपल्या माणसांना अधिक चिकटतो, नियम मोडणाऱ्यावर अधिक चिडतो, आपण कोणीतरी आहोत हे स्वतःला पटवण्यासाठी धडपडतो. खोलीतला पंखा कोणत्या वेगाने फिरावा याचा एक योग्य नियम आहे आणि तो भाऊ मोडतो आहे, असे त्या रात्री तुला वाटले असणार.

या कल्पनेचा उगम अर्नेस्ट बेकर या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाकडे जातो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, आपण मरणार हे आधीपासून जाणणाऱ्या प्राण्याला रोजचे जगणे शक्य व्हावे म्हणून संस्कृती नावाची गोष्ट पुष्कळसे काम करते. ती माणसाला अशा एखाद्या मोठ्या गोष्टीचा भाग करून घेते की जी त्याच्यानंतरही टिकेल. मग ते नाव असो, वंश असो, देश, धर्म, विद्या किंवा एखादी संस्था असो. त्याचे या विषयावरचे पुस्तक १९७३ मध्ये आले. मार्च १९७४ मध्ये वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी तो कर्करोगाने गेला आणि त्यानंतर दोन महिन्यांनी त्याच पुस्तकाला पुलित्झर पारितोषिक मिळाले. हा योगायोग लोक फार रंगवून सांगतात. मला त्यापेक्षा हे महत्त्वाचे वाटते की त्याचे म्हणणे तपासून पाहता येईल असे त्याच्या हयातीत फारसे कोणाला वाटले नव्हते. ते काम पुढे शेल्डन सॉलोमन, जेफ ग्रीनबर्ग आणि टॉम पिझिन्स्की या तिघा मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात हाती घेतले.

त्यांची पद्धत साधी होती. सहभागी व्यक्तीला दोन प्रश्न देत: स्वतःच्या मृत्यूच्या विचाराने तुमच्या मनात कोणत्या भावना येतात, आणि मरताना व मेल्यावर तुमच्या शरीराचे काय होईल असे तुम्हाला वाटते. दुसऱ्या गटाला दातदुखीसारख्या, नकोशा पण जीवघेण्या नसलेल्या गोष्टीविषयी तसेच प्रश्न देत. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ॲरिझोना राज्यातल्या टक्सन शहराचे बावीस न्यायाधीश सहभागी झाले होते. वेश्याव्यवसायाच्या आरोपावरून अटक झालेल्या एका स्त्रीसाठी जामिनाची रक्कम ठरवायची होती. ज्यांना मृत्यूविषयीचे प्रश्न दिले नव्हते त्यांची सरासरी होती ५० डॉलर. ज्यांना दिले होते त्यांची ४५५ डॉलर. खटला एकच, कागद तेच. या न्यायाधीशांना विचारले असते तर त्या दोन प्रश्नांचा आपल्या निर्णयाशी काही संबंध नाही, असेच त्यांनी सांगितले असते. तुझ्या शेवटच्या वाक्यासारखेच.

आता माझी गोष्ट सांगतो, ती मी आजवर फार जणांना सांगितलेली नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या छातीच्या एक्स-रेमध्ये एक सावली दिसली. बायोप्सी झाली आणि अहवाल यायला आठ दिवस लागतील असे सांगण्यात आले. त्या आठ दिवसांत मी घाबरलो नाही, निदान मला तसे वाटले. मी नियमित कामाला गेलो, जुनी कागदपत्रे लावली, रात्री झोपलोही. घरी उत्तरपत्रिकांचे दोन गठ्ठे तपासायला होते. पहिला एक्स-रेच्या आधी तपासून झाला होता, दुसरा मी त्या आठ दिवसांत तपासला. अहवाल चांगला आला आणि विषय संपला. महिन्याभराने उत्तरपत्रिका पुन्हा पाहणाऱ्या सहकाऱ्याने मला बाजूला घेऊन विचारले की दुसऱ्या गठ्ठ्यातल्या मुलांनी माझे काय घोडे मारले होते. मी तो गठ्ठा उघडून पाहिला. समासात लाल शाईने लिहिले होते: "अक्षर सुधारा." "प्रश्न नीट वाचा." "हे वर्गात सांगितले होते." एका मुलीने परिच्छेदाच्या सुरुवातीला जागा सोडली नव्हती म्हणून मी अर्धा गुण कापला होता, आणि त्या अर्ध्या गुणाभोवती दोनदा गोल केला होता. ते अक्षर माझे होते, शेरेही माझे, पण ते लिहिताना मी रागावलो होतो याची एकही आठवण मला नाही. गुण सगळे पुन्हा दिले. त्या दुहेरी गोलाचा विसर मात्र पडलेला नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर उद्या तू कुठेतरी वाचशील आणि मी तुझ्यापासून ती लपवली असे वाटेल. हे प्रयोग सगळीकडे सारखे निघत नाहीत. २०१० मध्ये एका संकलित अभ्यासाने २७७ प्रयोग एकत्र पाहिले आणि परिणाम बऱ्यापैकी भक्कम असल्याचे म्हटले. परंतु त्यानंतर अनेक प्रयोगशाळांनी मिळून त्यातला एक जुना प्रयोग दीड हजारांहून अधिक सहभागींवर पुन्हा केला, त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये छापून आले, आणि त्यात अपेक्षित परिणाम दिसलाच नाही. काहींच्या मते हा त्या सिद्धांताचा शेवट आहे. काहींच्या मते प्रयोगाची मांडणी चुकली. माझे मत असे की दोन प्रश्न लिहून घेतल्याने प्रत्येक माणसाची मते प्रत्येक वेळी कडक होतात, हा दावा पहिल्यापासून जरा जास्तच होता. पण मृत्यूचा विचार बाजूला पडल्यावर तो भलत्याच दाराने परत येतो, हे मी रुग्णांच्या नातेवाइकांत, डॉक्टरांत आणि स्वतःत इतक्या वेळा पाहिले आहे की त्यासाठी मला टक्सनच्या न्यायाधीशांची साक्ष लागत नाही. तुला मात्र लागावी. तुझ्या वयात माझ्या अनुभवावर नुसता विश्वास ठेवू नयेस.

हा विचार डोळ्यांआड होतो म्हणजे काय होते, याची एक सुबक चाचणी आहे. सहभागींना इंग्रजी शब्दांची अर्धी अक्षरे देऊन ते पूर्ण करायला सांगतात. अक्षरे अशी निवडलेली असतात की शब्द 'द्राक्ष' या अर्थाचाही होऊ शकतो आणि 'थडगे' या अर्थाचाही. मृत्यूविषयी लिहून झाल्याबरोबर ही चाचणी घेतली तर थडगी फारशी निघत नाहीत. मन दाबून धरते. मध्ये काही मिनिटे दुसरे काहीतरी वाचायला दिले, पकड सैल झाली, की थडगी वाढतात. तू व्हरांड्यात दोनदा हात धुतलेस तेव्हा पकड घट्ट होती. संध्याकाळी ती सुटली, आणि सुटली हे तुला कळले नाही, कारण ती सुटण्यालाच आपण "आता बरे वाटते" असे म्हणतो.

मन इतके कष्ट का घेते, असे तू विचारशील. एक कारण असे की स्वतःचे मरण त्याला चित्रात उभेच करता येत नाही. सिग्मंड फ्रॉइडने १९१५ मध्ये, पहिले महायुद्ध चालू असताना, हे नेमके लिहिले होते: आपण आपल्या मृत्यूची कल्पना करू लागतो तेव्हा पाहणारे म्हणून आपण तिथे हजरच असतो. करून पाहा. आपण गेल्यानंतरची खोली डोळ्यांसमोर आण. ती खोली कोणीतरी पाहते आहे, आणि ते कोणीतरी तूच आहेस. अलीकडे, २०१९ मध्ये, इस्राएलमधल्या बार-इलान विद्यापीठाच्या संशोधकांनी चोवीस जणांच्या मेंदूंची हालचाल मोजली. पडद्यावर चेहरे आणि सोबत शब्द दाखवले जात आणि अपेक्षेपेक्षा वेगळा चेहरा आला की मेंदू आश्चर्याची खूण देई. स्वतःचा चेहरा मृत्यूशी निगडित शब्दांसोबत येत होता तेवढ्या वेळी मात्र ही खूण उमटली नाही. परक्याचा चेहरा आणि मृत्यू यांची सांगड मेंदू घालत होता. स्वतःच्या चेहऱ्याशी ती घालायला तो तयार नव्हता. एवढ्या छोट्या प्रयोगावर मोठी इमारत रचू नये. तरी मरण ही दुसऱ्यांच्या बाबतीत घडणारी गोष्ट आहे, ही आपली समजूत किती खोलवर बसलेली असावी याचा अंदाज त्यातून येतो.

आपल्या भाषेकडेच पाहा. थंडी मरणाची असते, गर्दी मरणाची असते, कामाच्या धबडग्यात आपल्याला मरायलाही सवड नसते, आणि नको झालेली गोष्ट आपण 'मरू दे' म्हणून सोडून देतो. जिथे कोणी मेलेले नसते तिथे हा शब्द आपण मुक्तपणे वापरतो. खरेच कोणी मेले की मात्र तो गेला, वारला, निवर्तला, त्याने डोळे मिटले. मारिया नॉजी या मानसशास्त्रज्ञ बाईंनी बुडापेस्टमधल्या मुलांशी बोलून १९४८ मध्ये लिहिले की पाच वर्षांखालच्या मुलांना मृत्यू म्हणजे कुठेतरी जाणे किंवा झोपणे वाटते. पाच ते नऊ वयात तो एखादी व्यक्ती होऊन येतो, जिला चुकवता येते. आणि नऊच्या पुढे कुठे तो अटळ आणि सगळ्यांना लागू होणारा ठरतो. वयाच्या या सीमा पुढे बऱ्याच सैल झाल्या, मुलांना हे आधीही कळते असे दिसले. पण 'गेल्या' हा शब्द वापरताना आपण मोठी माणसेही पाच वर्षांखालच्या वयात जातो, हे मला दरवेळी जाणवते. तुझ्या बाईंनीही "मी गेल्यावर" असेच म्हटले. त्यांचा शब्द त्यांना वापरू दे. तू तुझ्या टिपणात 'मृत्यू' लिही.

तुझ्या वयाविषयीही बोलायला हवे. मृत्यूचे भय वाढत्या वयाबरोबर वाढत जाते असे सगळ्यांना वाटते, पण प्रश्नावल्यांमध्ये उलटेच दिसते. ते विशीत सर्वांत अधिक असते आणि पुढे कमी होत जाते. म्हाताऱ्या माणसांना मरण्याच्या प्रक्रियेची, वेदनांची, परावलंबी होण्याची भीती असते. नसण्याची भीती विशीतल्यांना जास्त. म्हणजे त्या खाटेशी बसलेल्या तुम्हा दोघींत अधिक घाबरलेली तू असण्याचीच शक्यता जास्त आहे. "तुम्ही बऱ्या होणार आहात" हे वाक्य त्यांच्यासाठी होते असे तुला वाटले. त्यांनी तर मृत्यूविषयी विचारलेच नव्हते. त्यांनी खोलीविषयी विचारले होते.

मला तुला जे मुख्य सांगायचे आहे ते इथे येते, आणि त्यासाठी आणखी एक प्रयोग सांगावा लागेल. फिलिप कोझोलिनो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये नेहमीच्या दोन प्रश्नांशेजारी एक वेगळी पद्धत ठेवली. एका गटाला ते जुने, मोघम प्रश्न दिले. दुसऱ्याला एक प्रसंग दिला: तुम्ही मित्राच्या घरी विसाव्या मजल्यावर झोपला आहात, मध्यरात्री धुराने जाग येते, दार तापलेले आहे, बाहेर पडता येत नाही. मग विचारले की त्या शेवटच्या क्षणी तुम्ही कसे वागाल असे वाटते, तोवरचे आयुष्य आठवून काय दिसते, घरच्यांवर काय परिणाम होईल. नंतर सर्वांना बक्षिसाच्या सोडतीची तिकिटे हवी तितकी घेऊ दिली. ज्यांचा ओढा पैसा, प्रसिद्धी, दिसणे यांकडे अधिक होता, त्यांनी मोघम प्रश्नांनंतर जास्त तिकिटे घेतली. तपशिलातल्या मरणानंतर मात्र त्याच स्वभावाच्या लोकांनी हात आवरता घेतला. मृत्यूची आठवण दोन्हीकडे होती. एकीकडे ती धुक्यासारखी होती, दुसरीकडे तिला दार होते, मजला होता, माणसे होती. मोघम मरण माणसाला घट्ट करते, तपशिलातले मरण त्याला सैल करते, असे मी माझ्यापुरते म्हणतो. हे शास्त्रीय विधान नाही, पण पंचवीस वर्षे मी त्याच्या आधाराने काम केले आहे.

एका गृहस्थांची गोष्ट सांगितली तर हे अधिक कळेल. ते आमच्याकडे आले तेव्हा कोणाशी बोलत नसत. विचारले तर "मी ठीक आहे" एवढेच, आणि नर्सने औषधाला पाच मिनिटे उशीर केला तर मात्र सगळा वॉर्ड डोक्यावर घेत. त्यांना बोलते करण्याचे माझे सगळे प्रयत्न फसले. त्यात माझे कौशल्य किती होते हाही प्रश्नच आहे. एके दिवशी त्यांनी मुलाकडून घरातल्या किल्ल्यांचा जुडगा मागवला. पांढरी चिकटपट्टी, पेन आणि कात्री मागून घेतली. पट्टीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे कापून ते एकेका किल्लीवर गुंडाळत आणि त्यावर लिहीत: माळा. मागचे दार. कपाट, वरचा कप्पा. हात थरथरत होता म्हणून अक्षर मोठे येई आणि पट्टीवर मावत नसे. मग ती पट्टी काढून दुसरी. दोन दिवस हे चालले होते. तीन किल्ल्या कशाच्या आहेत हे त्यांनाही आठवेना, तेव्हा ते पहिल्यांदा हसले आणि मला म्हणाले, "या तीन मुलाला आयुष्यभर पुरतील." त्या दुपारी ते दीड तास बोलले, आणि वेदना वाढल्या तर काय करायचे हे त्यांनी स्वतःहून विचारले. मी काहीही केले नव्हते. कात्री धरायला मदत केली होती, एवढेच.

मरणाच्या दारात पोचलेल्या माणसाचे मन आपण बाहेरून कल्पितो तितके काळेकुट्ट नसते, याला दुजोराही आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बरे न होणाऱ्या आजारातल्या माणसांनी प्रत्यक्ष लिहिलेल्या नोंदी घेतल्या आणि निरोगी लोकांना त्या जागी स्वतःला कल्पून लिहायला सांगितले. मृत्युदंडाच्या कैद्यांच्या शेवटच्या शब्दांबाबतही तसेच केले. दोन्हीकडे प्रत्यक्ष मरणाऱ्यांच्या लिखाणात आनंदवाचक, जिव्हाळ्याचे शब्द अधिक निघाले आणि कल्पना करणाऱ्यांच्या लिखाणात काळोख अधिक. यावरून मरण सुखाचे असते असा अर्थ काढू नकोस. वेदना असतात, संताप असतो, काहींचा शेवट वाईट होतो आणि त्यावर कोणतीही मानसशास्त्रीय फुंकर घालता येत नाही.

तू एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांच्या पाच टप्प्यांविषयी विचारले आहेस: नकार, संताप, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. बाईंचे ऋण मोठे आहे. १९६० च्या दशकात, डॉक्टर मरणाऱ्या रुग्णाच्या खोलीत जायचे टाळत असत त्या काळात, त्यांनी शिकागोत अशा रुग्णांना बसून विचारले आणि ऐकले. पण ते टप्पे जिना नाहीत. माणसे ते ओळीने चढत नाहीत, पुष्कळ जण त्यातले दोन-तीन कधी अनुभवतही नाहीत, आणि एकाच सकाळी नकार व स्वीकार दोन्ही सापडतात. "रुग्ण अजून संतापाच्या टप्प्यात आहे" असे टिपणात लिहिलेले दिसले की मला वाटते, लिहिणाऱ्याने बहुधा रुग्णाचे ऐकणे थांबवले आहे. औषध खरोखरच पाच मिनिटे उशिरा आले असेल.

आणखी एक गोष्ट तुला लवकरच दिसेल. बाईंना भेटायला येणारे वाढतील आणि त्या अधिकाधिक जणांना परत पाठवतील. घरचे म्हणतील, त्या खचल्या आहेत. तसे असेलही, तपासून पाहा. पण मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सेन यांचे काम लक्षात ठेव. मोकळा अर्धा तास मिळाला तर कोणासोबत घालवाल, असे त्यांनी विचारले: जवळचा नातेवाईक, नुकत्याच वाचलेल्या पुस्तकाचा लेखक, की नवी ओळख झालेली, आवडीनिवडी जुळणारी व्यक्ती. वृद्धांनी नातेवाईक निवडला. मग तरुणांना सांगितले की तुम्ही लवकरच एकटे दूरगावी कायमचे जाणार आहात असे समजा. त्यांनीही वृद्धांसारखेच निवडले. आणि वृद्धांना सांगितले की एका नव्या शोधामुळे तुम्हाला वीस वर्षे जास्त मिळाली आहेत, तेव्हा त्यांची निवड तरुणांसारखी झाली. म्हणजे फरक वयाचा कमी आणि समोर किती वेळ दिसतो याचा जास्त. बाई माणसे कमी करत नसतील, निवडत असतील.

राहिला प्रश्न तुझा स्वतःचा. तू विचारले आहेस की या जाणिवेने आपण अधिक चांगली माणसे होतो का. माझ्या त्या चांगल्या अहवालानंतर मी ठरवले होते की आता क्षुल्लक गोष्टींवर चिडायचे नाही, पहाटे उठायचे, जुन्या मित्रांना पत्रे लिहायची. आपल्या भाषेत याला स्मशानवैराग्य असा नेमका शब्द आहे, आणि माझे अकरा दिवस टिकले. काहींचे टिकते, मोठ्या आघातानंतर नाती आणि प्राधान्यक्रम कायमचे बदलल्याचे सांगणारी माणसे मी पाहिली आहेत. पण त्याची अपेक्षा ना स्वतःकडून करावी, ना रुग्णाकडून. आजारी माणसाला शहाणपणही आलेच पाहिजे, ही सक्ती फार क्रूर आहे.

एका मर्यादेपलीकडे मात्र स्वतःकडे दुर्लक्ष करू नकोस. रात्री छातीत धडधडून जाग येऊ लागली, नाडी वारंवार मोजावीशी वाटली, एखाद्या खोलीत जायचे टाळण्यासाठी कारणे सुचू लागली, तर ते महिनाभर सहन करून मग मला लिहू नकोस. तुझ्या पर्यवेक्षकांशी बोल आणि उपचार घे. मृत्यूच्या भयावर आकलनवर्तनोपचार, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलण्याचा उपचार, चांगला उपयोगी पडतो, विशेषतः टाळलेल्या गोष्टींना पायरीपायरीने सामोरे जाण्याचा भाग. हे भय कधी आरोग्याच्या चिंतेचा, कधी पॅनिकचा, म्हणजे अचानक उसळणाऱ्या घबराटीचा, वेष घेऊन येते आणि वेषावरच उपचार होत राहतात. पंख्याचे भांडण या सदरात बसत नाही. त्याची फक्त नोंद ठेव. अशा दिवशी घरी जाण्याआधी वहीत दोन ओळी लिहीत जा: आज कोणाशेजारी बसले, आणि त्यांनी कशाविषयी विचारले. एवढे लिहिले की भावाचा दोष निम्म्याने कमी होतो असा माझा अनुभव आहे. माझ्या बाबतीत तो भाऊ नव्हता, चाळीस मुले होती.

येत्या मंगळवारी तू बाईंकडे जाशील तेव्हा मागचे वाक्य परत घ्यायला संकोच करू नकोस. लांबण लावायची गरज नाही. "त्या दिवशी तुम्ही खोलीविषयी विचारलं होतं, मी घाईघाईत विषय बदलला, तुम्हाला कोण झोपावं असं वाटतं?" एवढे विचार आणि गप्प बस. खिडकी कुठल्या बाजूला आहे, कपाटात काय आहे, खाट हलवायची की तिथेच ठेवायची, हे सगळे येईल किंवा काहीच येणार नाही. त्यांनी विषय बदलला तर त्यांच्यासोबत तूही बदल. चादर सरळ असली तर तिला हात लावू नकोस.

आणि भावाला पंख्याचे खरे कारण सांगितलेस का, ते पुढच्या पत्रात लिही.

तुझा,
जुना शिक्षक